दुसऱ्याच्या रानात

शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एखाद्या गावात कोण कोणत्या वर्गातलं, हे ठरवायला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला कामाचा नाही. बहुतेकांच्या दाखल्यावरचे आकडे सख्ख्या भावांसारखे दिसतात. सातबाराही पुरत नाही. घरणी किंवा साकोळ प्रकल्पाच्या पाण्यावर ज्याचं चार एकर भिजतं, तो दहा एकर कोरडवाहूवाल्याला उसने पैसे देऊ शकतो. गाव मात्र एक खूण बघतं आणि सहसा बोलून दाखवत नाही. त्या घरातली बाई कुणाच्या रानात जाते? दुसऱ्याच्या रानात रोजानं, स्वतःच्याच रानात, की रानात जातच नाही?

डॅनियल थॉर्नर यांनी १९५६ साली भारतीय खेड्याची मालक, किसान आणि मजूर अशी विभागणी मांडली. पुढच्या अभ्यासकांनी तीत भर घातली, वाद घातले. पण बहुतेकांच्या मोजमापात घर म्हणजे कर्ता पुरुष, त्याची जमीन आणि त्याचं काम. मराठवाड्याच्या या कोपऱ्यात मला उलटं मोजमाप जास्त खरं वाटतं. इथे घराची पायरी बदलली की आधी बाईचं काम बदलतं, मग छप्पर बदलतं, मग बोलणं. आणि तिच्या बाजूनं हिशेब मांडला, तर वर चढणं म्हणजे दर वेळी फायदाच असं दिसत नाही.

तालुका १९९९चा. त्याआधी इथली गावं मुख्यतः निलंगा तालुक्यात मोडत आणि १९५६पर्यंत निलंगा होता बिदर जिल्ह्यात. म्हणजे इथल्या जमिनीचा इतिहास हैदराबाद संस्थानाच्या दप्तरातून सुरू होतो. १९४८च्या पोलीस कारवाईनंतर पुढच्याच वर्षी जहागिऱ्या गेल्या. १९५०चा हैदराबादचा कूळ कायदा आला. मग महाराष्ट्राचा १९६१चा कमाल जमीन धारणेचा कायदा, आणि १९७५च्या दुरुस्तीनं कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकरांवर आली. या कायद्यांनी काहीच झालं नाही, असं म्हणायची आपल्याकडे फॅशन आहे. ते खरं नाही. शेतकरी जातींतली कितीतरी कुळं मालक झाली आणि पंचायत समितीपासून साखर कारखान्यापर्यंत जो वर्ग पुढे दिसला, त्यातला बराचसा या बदलातूनच वर आला. पण कूळ ठरायला कागदावर नाव असावं लागतं. सालगड्याचं नाव कुठल्याच रकान्यात नव्हतं.

सालगड्याचा सौदा पाडव्याला ठरायचा. ज्वारीची पोती, थोडी रोकड, अंगावरचे कपडे, पायात वहाणा. घेतलेली उचल फिटली नाही तर पुढचं सालही त्याच मालकाकडे. वेठबिगारी १९७६च्या कायद्यानं संपली, उचल संपली नाही. बोलणी एका गड्याची होत. पण त्याची बायको मालकाचा गोठा झाडायची, शेण काढायची, सणाआधी वाडा सारवायची. त्याचे वेगळे पैसे नसत, भाकरी-कालवण मिळे. त्याच वाड्यात मालकाची बायको उंबऱ्याबाहेर पडत नसे आणि ते घरंदाजपण मानलं जाई. एकीनं बाहेरचं सगळं उपसायचं, म्हणून दुसरीला आत राहता यायचं. घरंदाजपणाचा खर्च कोण भरत होतं, हे यावरून कळतं.

यात जात कुठे बसते, यावर महाराष्ट्रात शंभर वर्षं वाद झाला आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली मांडलं की जातीनं कामाची वाटणी होते एवढंच नाही, कामगारांचीच फाळणी होते. शरद पाटील यांनी मार्क्सला फुले-आंबेडकरांशी जोडत जातीला वर्गाची सावली मानायला नकार दिला आणि १९७८ साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. त्याच वर्षी २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. भांडण नावाचं दिसत होतं. पण गावकीची कामं नाकारणारी, शाळा शिकलेली, गायरानात औत घालणारी माणसं मालकवर्गाला आधीपासूनच सलत होती. गेल ऑम्वेट यांनी या दंगलींकडे जमीन आणि मजुरीच्या अंगानंही पाहिलं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. या साऱ्या चर्चेत दलित मजूर बाई बळी म्हणून येते, रोजगारी म्हणून क्वचित. तिचं स्वतःचं म्हणणं शांताबाई कांबळे, उर्मिला पवार यांच्या आत्मकथनांतून आलं आणि शर्मिला रेगे यांनी नव्वदच्या दशकापासून ते स्त्रीवादी चर्चेच्या मधोमध आणून ठेवलं.

मधल्या शेतकऱ्याची बायको आणि भूमिहीन बाई यांच्यातली भिंत एकदा मात्र खचली होती. १९७२च्या दुष्काळात. पाझर तलावांच्या, रस्त्यांच्या, खडी फोडण्याच्या कामांवर वीस-वीस एकरांच्या घरच्या बायकाही पदर घट्ट खोचून आल्या. रानच करपलं होतं, तेव्हा कुणाच्या रानात जायचं हा प्रश्नच उरला नव्हता. काम सरकारचं होतं, कुणा मालकाचं नव्हतं, म्हणून लाजही कमी वाटली. याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना मोठी झाली. १९७७चा कायदा २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. या कामांवर बायकांची संख्या लक्षणीय राहिली, कारण साधं होतं: काम गावाजवळ आणि दर कामाच्या मापावर, बाई की बुवा यावर नव्हे. शेतात तसं नसतं. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला, पण शेतावर गड्याचा रोज आणि बाईचा रोज आजही वेगवेगळा बोलला जातो. बाईचं काम हलकं, असं कारण सांगतात. भर उन्हात दिवसभर उकिडवं बसून खुरपणं हलकं कसं, हे सांगणाऱ्यानं एक दिवस करून बघावं.

दुष्काळानं भिंत खचवली ती माणसांमधली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपानं खरोखरच्या भिंती पाडल्या, आणि त्या मुख्यतः ऐपतवाल्यांच्या होत्या. किल्लारी आणि भोवतालच्या गावांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं जड ओझं, हे सुस्थितीतल्या घराचं लक्षण. कुडाच्या आणि पत्र्याच्या घरातली माणसं त्या मानानं वाचली. सुमारे आठ हजार माणसं गेली. मृत्यूनं गावची उतरंड उलटी केली. सरकारनं ती पुनर्वसनात पुन्हा सरळ केली, तीही फुटपट्टी लावून. बावन्न गावं नव्या जागी वसवताना घराचा आकार जमिनीवर ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, सात हेक्टरांच्या वर ७५०. घरात माणसं किती, हा निकष नव्हता. सात लेकरांची भूमिहीन बाई अडीचशे फुटांत आणि दोघं म्हातारा-म्हातारी साडेसातशेत, असं घडायला कागदावर कुणाचीच हरकत नव्हती. वर्ग म्हणजे काय, हे समजावून सांगायला मला याहून नेमकं सरकारी कागदपत्र माहीत नाही.

त्याच पुनर्वसनातून एक वेगळी वाटही निघाली. बांधकामावर देखरेख करायला गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. हे काम उभं करणाऱ्या प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं पुढे लातूर-उस्मानाबादेत एक एकराची शेती रुजवली: बाईनं घरच्या जमिनीतलं एकच एकर मागून घ्यायचं आणि त्यात नगदी पिकाऐवजी घरच्या ताटातलं पिकवायचं. कल्पना चांगली आहे, तिचं कौतुक बाहेरच्या देशांतही झालं. फक्त ती सुरू व्हायला घरात मागण्यासारखं एकर असावं लागतं.

ताटाचा विषय निघालाच आहे, तर सोयाबीनकडे यावंच लागतं. नव्वदच्या दशकापासून या पट्ट्यातली खरीप ज्वारी, मूग, उडीद मागे पडले आणि रानं सोयाबीननं भरली. लातूरची बाजारपेठ तुरीच्या डाळीसाठी जुनीच नावाजलेली. ती आता सोयाबीनचीही झाली. शेतकऱ्याच्या बाजूनं हा बदल भरपूर लिहिला गेला आहे: २०२४-२५चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याहून कमी, ही रड सगळ्यांना पाठ आहे. मजूर बाईच्या बाजूनं काय झालं, ते कमी लिहिलं गेलं. ज्वारीच्या काढणीत मजुरी धान्यात मिळे. सुगी संपता संपता भूमिहीन घरातही ज्वारी साठे आणि ती बाईनं आणलेली, तिच्या ताब्यातली असे. सोयाबीन घरी आणून करणार काय? मजुरी रोकड झाली. दिसायला जास्त, पण रोकड घरातल्या कुणाच्याही खिशात जाऊ शकते. भाकरीचा आधार शेतातून सरकून रेशनच्या दुकानात गेला.

मग आलं तणनाशक. एका फवारणीत खुरपणीचे कितीतरी रोज मिटतात. फवारा पाठीवर घेतो तो गडी, आणि जे काम बंद होतं ते बाईचं. काढणी गुत्त्यावर गेली: एकराला अमुक रक्कम, टोळीनं यायचं, लवकर उरकायचं आणि दुसरं रान गाठायचं. म्हाताऱ्या, बाळंतीण, आजारी बाया टोळीत चालत नाहीत. पूर्वी रोजावर त्या जमेल तसं काम करत, आता त्यांना हाक मारत नाहीत. यंत्रानं आणि औषधानं कष्ट वाचवले हे खोटं नाही. पण वाचलेल्या कष्टाचे पैसे मालकाकडे राहिले.

ज्यांना गावात पुरेसे रोज मिळत नाहीत, ते ऊसतोडीला जातात. बीडइतकं नसलं, तरी लातूर जिल्ह्यातल्या जळकोट-अहमदपूरकडच्या वाड्या-तांड्यांतून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे जाणारी माणसं आहेत. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल मोजतो ती नवऱ्याच्या हातात. जोडी पुरी असेल तर कोयता पुरा, म्हणून हंगामाच्या तोंडावर पोरीचं लग्न उरकून टाकायचं, त्याला गेटकेन म्हणतात. एक खाडा पडला की दंड. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्याचा जो हिशेब आला, त्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. वर्ग शरीरावर कसा लिहिला जातो, यावर पुस्तकं रचणाऱ्यांनी या दोन संख्या शेजारी ठेवून बघाव्यात.

रानातून बाहेर पडलेल्या बाईचं काय? अल्पभूधारक घरातली दहावी-बारावी झालेली सून अंगणवाडीत लागते, आशा होते, बचत गटाचं दप्तर सांभाळते. गावाच्या नजरेत ती चढली: ऊन लागत नाही, साडी इस्त्रीची असते, लोक ताई म्हणतात. पण तिला मिळतं ते मानधन, पगार नव्हे. २०२३च्या वाढीनंतर अंगणवाडी सेविकेचं मानधन १०,००० आणि मदतनिसांचं ५,५०० रुपये झालं. त्याच वर्षी डिसेंबरात राज्यभर संप पुकारला गेला आणि तो जानेवारी २०२४च्या अखेरीपर्यंत चालला. सेवा या शब्दाखाली सरकारनं एक अख्खा स्त्रीवर्ग स्वस्तात कामाला लावला आहे.

त्याच्या वरची पायरी म्हणजे रानात अजिबात न जाणारी बाई. हे सुख असल्याचं सगळे मानतात, ती स्वतःही मानते. एम. एन. श्रीनिवास यांनी दाखवलं होतं की वर चढू पाहणारी घरं बायकांना मजुरीतून काढून घरात आणतात. इथे त्याची एक किंमत दिसते. दुसऱ्याच्या रानात जाणाऱ्या बाईच्या हातात आठवड्याच्या बाजाराला स्वतःचे पैसे असतात, टोळीतल्या दहा जणींशी बोलणं असतं, नवऱ्याला दोन शब्द सुनावायची धमक असते. चार पायऱ्या वर गेलेल्या घरात बाई मोबाईलच्या रिचार्जलाही पैसे मागते. म्हणून गरिबीचा गौरव करायचा नाही. मजूर बाईच्या लेकीला आईसारखं जगायचं नाही, आणि तिचं बरोबर आहे. प्रश्न एवढाच की वर चढताना घरातल्या कुणाचं उत्पन्न शून्यावर येतं.

चढायचा जिना म्हणजे लातूर. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांनी लातूर पॅटर्नचं नाव झालं, मग खाजगी शिकवण्यांचं शहरच उभं राहिलं. तालुक्यातली मुलं तिथे खोल्या करून राहतात, जमीन विकून फी भरल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. डॉक्टरकीची स्वप्नं बघणाऱ्या मुलांचा डबा जी खानावळ पुरवते, तिथे पोळ्या लाटणाऱ्या बायका बऱ्याचदा अशाच खेड्यांतून आलेल्या असतात. मुलगी हुशार असेल तर तीही जाते, हा गेल्या पिढीतला मोठा बदल आहे आणि तो कमी लेखू नये. पण जमीन विकायची वेळ आली तर ती मुलाच्या फीसाठी आणि मुलीच्या हुंड्यासाठी, ही वाटणी फारशी हललेली नाही. एप्रिल २०१७मध्ये लातूर तालुक्यात एका शेतकऱ्याच्या मुलीनं बापाला लग्नाचा खर्च पेलणार नाही म्हणून जीव दिला, तेव्हा चर्चा कर्जाची झाली. हुंड्याचा दर मुलाच्या नोकरीवर आणि एकरांवर ठरतो. म्हणजे तोही वर्गाचाच दर आहे.

जमीन हातची जात चाललेल्या अशाच घरांतून मराठा आरक्षणाचा रेटा आला. एकेकाळी वीस एकरांचं घर तीन वाटण्यांनंतर अडीच एकरांवर येतं, पोरगं पदवीधर होऊन घरी बसतं, त्याला मुलगी कुणी देत नाही. ही खालची घसरण खरी आहे. तिचा उपाय जातीच्या दाखल्यात शोधला जातो, कारण वर्गाचा दाखला द्यायची सोय आपल्याकडे फार तोकडी आहे.

संस्कृतीत वर्ग कसा मुरतो, यावर पिअर बूर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९७९ साली जाडजूड ग्रंथ लिहिला: आवडीनिवडीसुद्धा वर्गानं घडतात. इथे त्यासाठी ग्रंथाची गरज नाही. पुण्याच्या हॉस्टेलवर गेलेलं लातूरकडचं पोरगं ‘करलालाव’, ‘येलालाव’ म्हणणं आठवड्यात बंद करतं, गावी फोन लावला की पुन्हा सुरू करतं. दारातला मांडव जाऊन मंगल कार्यालय आलं, हलगीच्या जागी डीजे आला. हलगी वाजवणाऱ्याची रोजी गेली, तशी त्याच्यावरची सक्तीही गेली. यातलं कशाचं दुःख करायचं, हे हलगीवाल्याला विचारल्याशिवाय ठरवू नये. धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा लातूरच्या साहित्यात चोर ठरवलेल्या जमातीचं घर पहिल्यांदा आतून दिसलं. त्या घरातल्या बायका पोट भरायला काय काय करत, हे त्यात नीट वाचावं.

देवाच्या यात्रेत मान वाटून ठरलेला असतो: पालखी कुणाची, पहिला नारळ कुणाचा, वाजवायचं कुणी. याच तालुक्यातल्या हिसामाबाद उजेडमध्ये मात्र जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, चक्क महात्मा गांधींच्या नावानं यात्रा भरते. तिथे पिढीजात मानकरी असायचं कारण नाही, म्हणून मला ती आवडते. तिथेही दुकान मांडणारे कोण, कुस्त्यांचा खर्च उचलणारे कोण आणि यात्रेला आलेल्या पाहुण्यांच्या भाकरी थापणाऱ्या कोण, हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्याच्या मुळाशी जमीन आहे आणि जमीन बाईपर्यंत पोचत नाही. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत मुलाइतका हक्क दिला. गावात त्याचं उत्तर हक्कसोडपत्र. बहिणी तालुक्याला येतात, सह्या करतात, साडीचोळी घेतात, भावाकडे जेवून जातात. सही न करणारी बहीण माहेर गमावते आणि सासरी अडलं तर तिला माहेराशिवाय दुसरं दार नसतं. म्हणून ती जे करते तो व्यवहारच आहे: जमिनीच्या बदल्यात माहेरचं दार उघडं ठेवणं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६च्या चांदवड अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून नवऱ्यांना बायकांच्या नावे जमीन करायला लावली होती. शेतकरी चळवळीनं घरातल्या वाटणीला हात घातला, असं त्यानंतर फारसं घडलं नाही.

सध्या गावोगावी एक तक्रार ऐकू येते: लाडक्या बहिणीचे पैसे सुरू झाले आणि बायका कामाला येईनाशा झाल्या. जुलै २०२४पासूनचे हे महिन्याला १,५०० रुपये म्हणजे रोजगार हमीच्या २०२५-२६च्या ३१२ रुपये दरानं पाच दिवसांचीही मजुरी नाही. एवढ्यावर कुणी घरी बसत नाही. पण हाती थोडं असलं की आज नको, उद्या येते, एवढं म्हणता येतं. रोज दहा रुपये वाढवून मागता येतो. मालकाला खुपतं ते हे असावं.

२०२५च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात सडलं. ऑक्टोबरात सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मदतीचे पंचनामे हेक्टरवर होतात आणि पिकाचे पैसे सातबारावरच्या नावाला मिळतात. बटईनं रान केलेल्याला त्यातला वाटा द्यायचा की नाही, हे मालकाच्या मर्जीवर. आणि मजूर बाईचे काढणीचे जे रोज बुडाले, त्यांच्यावरच दिवाळी आणि लेकरांच्या वह्या-कपड्यांची भिस्त होती. ते कुठल्या पंचनाम्यात घ्यायचे, हे तलाठ्याला कुणी सांगितलेलं नसतं. बुडालेल्या दिवसांचे पैसे मजुरांनाही मिळावेत, ही शेतमजूर संघटनांची मागणी जुनी आहे.